घडीच्या चाकूचा सांधा

घडीच्या चाकूचे पाते ज्या खिळीभोवती फिरते ती खीळ बहुधा तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. आणि तेवढ्याशा धातूच्या तुकड्याकडून चाकू बाळगणारा माणूस एकाच वेळी दोन अशा गोष्टींची अपेक्षा करीत असतो, की ज्या स्वभावतःच परस्परांच्या विरुद्ध आहेत. पाते उघडताना ते नखाच्या बेताच्या ओढीने, मध्येच न अडखळता आणि शेवटी झटका न देता बाहेर यावे, ही एक. आणि उघडल्यानंतर तेच पाते मुठीशी एकजीव असल्याप्रमाणे स्थिर राहावे, आडव्या दाबाने त्याने डावी-उजवीकडे ढळू नये, ही दुसरी. सांधा सैल केला की पहिली पुरी होऊन दुसरी भंगते; आवळला की दुसरी साधून पहिली हातची जाते. म्हणूनच पाते जड चालू लागले, की हाताशी असेल तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन खीळ सैल करण्याची जी वहिवाट पडून गेली आहे, ती मला सर्वथा असमर्थनीय वाटते. जडपणाचे मूळ पुष्कळदा खिळीच्या आवळण्यात नसतेच. ते मळात असते, मुठीच्या लाकडात असते, कमानीत असते, किंवा वॉशरच्या पृष्ठभागावर असते, आणि ते नेमके कोठे आहे याचा निवाडा झाल्यावाचून सांध्याला हात घालणे म्हणजे चौकशीशिवाय शिक्षा फर्मावणे होय.

सैलपणाची किंमत किती पडते, हे थोड्या गणिताने ध्यानी येते. पाते ८० मिलिमीटर लांब आहे, त्याच्या दोन्ही बाजूंस ८ मिलिमीटर व्यासाचे वॉशर आहेत, आणि वॉशर व पाते यांच्यामध्ये एक-शतांश मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे ०.०२ मिलिमीटर इतकी फट राहिली आहे असे समजू. एवढ्या फटीत पात्याला कलण्यास वाव मिळाला, की त्या कलण्याचे माप पात्याच्या टोकाशी दसपट होते आणि टोक ०.२ मिलिमीटरने इकडे-तिकडे हलू लागते; बोटांना हे हलणे स्पष्ट जाणवते, आणि पेन्सिल तासताना किंवा कलम बांधण्यासाठी फांदीला तिरका छेद देताना तर ते असह्य होते. आता स्क्रूकडे पाहावे. तीन मिलिमीटर व्यासाच्या सर्वसामान्य स्क्रूचे आटे असे असतात, की त्याला एक पूर्ण फेरा दिला असता तो अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. ज्याला आपण सहज बोलताना ‘जरासा’ पाव फेरा म्हणतो, त्याने फट ०.१२५ मिलिमीटरने वाढते, म्हणजे वर सांगितलेल्या फटीच्या सहापटीहून अधिक, आणि ०.०२ मिलिमीटरचा फरक पाडावयाचा, तर स्क्रू घड्याळाच्या मिनिटकाट्याने अडीच मिनिटांत सरकावे तेवढाच फिरवावयास हवा. सांधा जुळविण्याचे सारे काम या एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात चालते.

घर्षणाचे जे नियम या सांध्याला लागू पडतात, त्यांची पद्धतशीर मांडणी फ्रान्सात झाली. गियोम आमोंताँ याने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे असे प्रतिपादन केले, की घर्षणाचा जोर दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती भाराने दाबले गेले आहेत यावर अवलंबून असतो, ते किती क्षेत्रफळावर टेकले आहेत यावर नव्हे. पुढे शार्ल ऑगस्तँ द कूलोम या लष्करी अभियंत्याने, ज्याचे नाव विद्युत्‌शास्त्रामुळे आपल्या शाळांतून परिचित झाले आहे, १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात स्थिर वस्तूचे घर्षण आणि चालत्या वस्तूचे घर्षण यांतील भेद बारकाईच्या प्रयोगांनी तपासला. थांबलेली वस्तू हलविण्यास जेवढा जोर लागतो, त्याहून ती चालती ठेवण्यास कमी जोर पुरतो. घडीच्या चाकूच्या दृष्टीने या नियमाचे महत्त्व मोठे आहे. मळकट सांध्यातील पाते प्रथम अडून बसते, अंगठ्याचा जोर वाढत जातो, आणि तो पुरेसा झाला त्या क्षणी घर्षण एकाएकी उतरून तोच साठलेला जोर पात्याला पुढे भिरकावतो. बोट कापले जाण्याचा धोका असतो तो या क्षणी. म्हणजे जड पाते हे केवळ गैरसोयीचे नसून हलक्या पात्याहून अधिक धोक्याचे असते, आणि ते सुधारून घेण्याची निकड यामुळेच आहे.

ज्या चाकूंना उघडझाप करण्यासाठी पाठीमागे पोलादी कमान असते आणि ज्यांचा सांधा रिवेट ठोकून कायमचा बंद केलेला असतो, त्यांच्या बाबतीत मालकाला करण्याजोगे फारच थोडे असते, आणि तेही बहुधा पुरेसे असते. या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे स्वित्झर्लंडातील लष्करी चाकू. कार्ल एल्सनर याने १८८४ साली श्वित्स परगण्यातील ईबाख या गावी आपला कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस फौजेला चाकूंचा पहिला पुरवठा केला, आणि १२ जून १८९७ रोजी ‘ऑफिसर’ चाकूची रीतसर नोंदणी करून घेतली. या चाकूतील खरी हिकमत अशी, की एकाच कमानीवर मुठीच्या दोन्ही अंगांची हत्यारे तोलून धरलेली आहेत. त्यामुळे हत्यारे वाढली तरी कमानी आणि वजन वाढले नाही. पण याच रचनेचा एक परिणाम असा होतो, की खिशातील धागे, फळांचा रस आणि धूळ यांचा थर कमानीच्या टोकाखाली जमला, म्हणजे त्या कमानीवरची सगळीच हत्यारे एकदम जड होतात. येथे इलाज पाण्याचा आहे: चाकू कोमट पाण्यात धरून पाते पुनःपुन्हा उघडावे व मिटावे, मळ सुटून आला की पुसून पूर्ण वाळवावा, आणि पाते व कमान जेथे भिडतात तेथे तेलाचा एक थेंब सोडावा. कमानीचा ताण हा दोष नव्हे. उघडलेले पाते आपोआप मिटून बोटांवर येऊ नये, याचा बंदोबस्त त्या ताणानेच केलेला असतो, आणि तो ताण कमी करण्याच्या नादाने जे कमानीला कानस लावतात ते चाकूचा एकमेव पहारेकरी रजेवर धाडतात. रिवेट सैल झाले असेल, तर मात्र ते ऐरणीवर टेकवून लहान हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसविता येते. आपल्याकडील जुने कारागीर अडकित्त्याची खीळ याच रीतीने ठोकून देतात, आणि प्रत्येक दोन ठोक्यांनंतर अडकित्ता उघडून-मिटून पाहण्याची त्यांची जी शिस्त आहे, तीच येथेही पाळावी. कारण ठोकून बसविलेले रिवेट मागे घेण्याची तजवीज कोणापाशीही नसते.

माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत मनोवेधक प्रकरण लाकडी मुठीचे आहे. फ्रान्स आणि इटली यांच्या सीमेवरचा सॅव्हॉय हा आल्प्समधील मुलूख १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राजाच्या अंमलाखाली होता आणि नंतर फ्रान्सात सामील झाला. तेथील मोरिएन खोऱ्यात, सँ-झाँ-द-मोरिएन या गावाच्या वरच्या बाजूस, आल्बिए येथे ओपिनेल नावाच्या लोहारांचे घराणे कुऱ्हाडी, कोयते व बागकामाची हत्यारे घडवीत असे. त्या घराण्यातील झोझेफ ओपिनेल याने १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शेतकऱ्यांच्या खिशात राहील असा एक चाकू तयार केला, आणि १८९७ मध्ये त्याची एक ते बारा अशा क्रमांकांनी लहानमोठी मापे ठरवून दिली. चाकूची रचना इतकी अल्पसाहित्याची आहे, की तिच्यातून आणखी काही वजा करता येणे कठीण: बीच लाकडाची एक गोलसर मूठ, तीत करवतीने पाडलेली एक खाच, खाचेच्या मुखाशी धातूची एक कडी, त्या कडीतून व लाकडातून आरपार गेलेली एक खीळ, आणि पाते. कमान नाही, अस्तराचे पत्रे नाहीत, वॉशर नाही. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने त्यावर एक फिरती कडी बसविली, जी वळवली असता उघडलेले पाते जागच्या जागी जखडले जाते. एवढी एक भर सोडली, तर तो जिन्नस आजही जवळजवळ आहे तसाच आहे.

वॉशर नसल्यामुळे या चाकूत पाते प्रत्यक्ष लाकडावर घासत फिरते, आणि लाकूड हे हवेतील दमटपणाशी सतत देवघेव करणारे द्रव्य आहे. सुमारे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १२ टक्के पाणी असते. तोच चाकू कोकणात जुलै महिन्यात, जेव्हा हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, काही आठवडे राहिला तर ते प्रमाण १८ टक्क्यांकडे जाते, आणि उन्हाळ्यात देशावरच्या कोरड्या हवेत ते १२ च्याही पुष्कळ खाली उतरते. पाणी शिरल्याने लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते वाढते आडवे, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या कडेकडेने जेवढे वाढते त्याच्या सुमारे निम्मे वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने वाढते. बीच हे या बाबतीत विशेष चंचल लाकूड आहे. पाण्याच्या प्रमाणात दहा टक्क्यांचा फरक पडला, तर वलयांच्या दिशेने त्याची जाडी सुमारे चार टक्क्यांनी बदलते. म्हणजे खाचेच्या बाजूची सात मिलिमीटर जाडीची लाकडी भिंत पाव मिलिमीटरहून थोडी अधिक फुगते. मुठीच्या इतर भागात ही फुगवट बाहेरच्या बाजूस निभावून जाते. पण सांध्याजवळ बाहेरून धातूची कडी आवळून बसली असल्यामुळे लाकडाला बाहेर सरकण्यास जागाच उरत नाही, आणि ते आत, पात्याच्या बुडख्यावर, फुगते. पाते अक्षरशः चिमटले जाते.

ज्या मुलखात हा चाकू जन्मला, तेथील लोकांनी यावर एक तोड काढली आहे, आणि तिला त्यांच्याच प्रांताचे नाव मिळून ती ‘सॅव्हॉयकराचा ठोका’ म्हणून प्रसिद्ध झाली आहे. कडी मोकळ्या स्थितीत आणून मिटलेला चाकू हातात घ्यावयाचा, बोटे खाचेपासून दूर ठेवावयाची, आणि मुठीच्या शेपटाकडील कड टेबलाच्या फळीवर एकदा आपटावयाची; मूठ थांबते, पाते आपल्या जडत्वाने पुढे जाऊ पाहते, आणि त्याचे टोक चिमटीत धरता येईल एवढे खाचेबाहेर सरकते. ही युक्ती मला फार आवडते, कारण तीत लाकडाच्या स्वभावाशी भांडण नाही; पावसाळा संपला, की लाकूड आपोआप पूर्वस्थितीला येणार, हे गृहीत धरून मधली मुदत काढून नेण्याचा हा मार्ग आहे. चाकू ओला झाल्यामुळे घट्ट झाला असेल, तर हेच धोरण ठेवावे आणि त्याला सावलीत, वाहत्या हवेत दोन-तीन दिवस पडू द्यावे. तो उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला, तर बाहेरचे लाकूड आतल्याच्या आधी आटते आणि मुठीला कडीपासून उभी भेग जाते, जिच्यावर काही उपाय नाही.

कोरड्या हवेतही पाते घट्ट चालत असेल, तरच लाकूड कमी करण्याचा विचार करावा, आणि त्याआधी ते कोठे घासते याचा पुरावा मिळवावा. पात्याच्या बुडख्याच्या दोन्ही बाजूंस मऊ पेन्सिलीचा किंवा शाईच्या मार्करचा रंग चढवून पाते काही वेळा उघडावे-मिटावे. जेथला रंग पुसला गेला तेथेच लाकूड लागते आहे, आणि खाचेच्या भिंतीवर त्याचा डागही उमटलेला असतो. मग बारीक पॉलिश पेपराची पट्टी एखाद्या पातळ पुठ्ठ्यावर ओढून, फक्त त्या डागापुरती, चार-दोन हात फिरवावी, भुसा झटकावा आणि पुन्हा पाहावे. अशा वेळी डाव्या-उजव्या भिंतींना समान वागणूक देण्याचा मोह आवरावा. डाग एकाच बाजूला असेल, तर दुसऱ्या बाजूचे लाकूड काढल्याने पाते सुटत नाही, उलट वाकडे बसू लागते. फिरती कडी जड असेल, तर त्याचे कारण बहुधा कडीखाली साचलेली धूळ असते. कडी सोडवून पुसली म्हणजे ते काम होते. शेवटी लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. त्याने आर्द्रता थांबत नाही, पण तिची ये-जा मंदावते, आणि एका सरीने पाते अडकण्याची वेळ येत नाही.

स्क्रूने जोडलेल्या आधुनिक चाकूंचा प्रकार निराळा. अमेरिकेतील मायकेल वॉकर या कारागिराने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुठीच्या आतील पत्र्याचीच कमान करून पाते जखडण्याची जुनी कल्पना सुधारून घेतली, आणि मिटलेले पाते खिशात आपोआप उघडू नये म्हणून त्या पत्र्यात एक सूक्ष्म पोलादी गोळी बसविली, जी पात्यातील लहानशा खळग्यात जाऊन बसते. आज बाजारात दिसणारे बहुसंख्य स्क्रूबंद चाकू या ना त्या रूपाने त्या रचनेचे वंशज आहेत. यांत पाते उघडण्याच्या आरंभी जो विरोध जाणवतो तो खळग्यातून गोळी वर चढण्याचा असतो, आणि नंतर सबंध फेरीत जो सारखा विरोध जाणवतो तो वॉशरचा आणि पात्याच्या अंगावर घसटत जाणाऱ्या त्याच गोळीचा असतो. हा भेद बोटांनी ओळखता आला पाहिजे. केवळ पहिला धक्का कठीण असून पुढची चाल मऊ असेल, तर सांध्यात काहीही बिघाड नाही. आणि चाल आरंभापासून शेवटपर्यंत जड व खरखरीत असेल, तर सांध्यात कण शिरले आहेत. धुळीतील स्फटिकाचे कण कठीण केलेल्या पोलादाहूनही कठीण असतात, आणि वॉशर ज्या फॉस्फर-ब्राँझचे, म्हणजे तांबे, कथील व अल्पसा फॉस्फरस यांच्या मिश्रधातूचे, केलेले असतात ते त्यांच्यापुढे अगदीच मऊ; कण त्या मऊ धातूत रुततात आणि पात्याला कानशीप्रमाणे घासत राहतात. स्क्रू सैल केल्याने भार कमी होऊन हा आवाज दबतो. कण मात्र आपले काम चालूच ठेवतात.

वॉशरच्या निवडीत कारखानदारांचे दोन पक्ष आहेत. टेफ्लॉनचा, जो रॉय प्लंकेट याला १९३८ मध्ये अनपेक्षितपणे सापडला, मोठा गुण असा, की त्याचे स्थिर घर्षण आणि गतिज घर्षण जवळजवळ सारखेच असल्यामुळे पाते अडून मग उसळत नाही. अवगुण असा, की सततच्या भाराखाली तो हळूहळू दबून पसरतो आणि सांधा कालांतराने ढिला पडतो. ब्राँझ नव्या स्थितीत किंचित जड चालते, परंतु वापराने त्याचा पृष्ठभाग घोटला जाऊन त्याची चाल वर्षानुवर्षे सुधारत जाते. माझा कौल ब्राँझला आहे. वॉशरचा व्यास मोठा असावा की लहान, यातही आमोंताँच्या नियमाचा गमतीदार दाखला मिळतो: क्षेत्रफळ वाढल्याने घर्षण वाढत नाही, पण ते खिळीपासून दूर अंतरावर लागू होत असल्यामुळे पाते फिरविण्यास अधिक जोर लागतो, आणि त्याच दूरपणामुळे पात्याचे कलणेही अधिक चांगले आवरले जाते. वॉशरऐवजी बारीक छर्ऱ्यांचे बेअरिंग घातलेले चाकू अलीकडे फार लोकप्रिय आहेत; त्यांचे पाते केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडावे इतके हलके चालते, आणि तेवढे हलके चालणे हीच उत्तमतेची कसोटी मानली जाऊ लागली आहे. फळ कापण्याच्या व दोरी तोडण्याच्या हत्याराला ही कसोटी लावणे मला पटत नाही. पाते हाताच्या इच्छेने थांबले पाहिजे, त्याने मध्येच हात सोडता कामा नये.

दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह याने आपल्या ‘सेबेंझा’ या चाकूत हा सगळाच प्रश्न मुळापाशी सोडवून टाकला. त्याने स्क्रूभोवती एक कठीण नळी बसविली, जिची लांबी पाते आणि दोन वॉशर यांच्या एकत्र जाडीहून नेमकी तेवढीच अधिक ठेवली, जेवढी फट हवी. स्क्रू कितीही आवळला तरी भार त्या नळीवर जातो, वॉशरवर येत नाही. अशा चाकूत स्क्रू पूर्ण आवळूनच ठेवावयाचा असतो, आणि पाते जड झाले तर कसूर स्वच्छतेची असते, मापाची नव्हे. इतर चाकूंत मात्र माप मालकाच्या हाती असते.

सांधा खोलताना पाते मिटलेलेच ठेवावे, स्क्रूच्या खाचेत चपखल बसणारेच ड्रायव्हरचे टोक वापरावे, आणि वॉशर ज्या बाजूचा ज्या अंगाने निघाला त्या क्रमाने कापडावर मांडून ठेवावा. वापरात त्याचे एक अंग पात्याशी व दुसरे मुठीशी बसून गेलेले असते. वॉशर खरवडला गेला असेल, तर काचेच्या तुकड्यावर अतिसूक्ष्म पॉलिश पेपर ठेवून, तेलाच्या थेंबात, बोटाने इंग्रजी आठाच्या आकारात घासावा. काच हवी, कारण लाकडी फळी सपाट दिसली तरी सपाट नसते. पात्याच्या अंगावर गोळीने जी वर्तुळाकार रेघ कोरलेली असते ती पुसून तेल द्यावे, तिला पॉलिश करण्याच्या भरीस पडू नये. जखडणारा पत्रा वाकवून हलका करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. पाते कामात असताना बोटांवर मिटले, तर त्याचा हिशेब भारी पडतो.

तेलाच्या बाबतीत आपल्या घरांतून सर्रास होणारा घोटाळा खोबरेलाचा आहे. ते थंडीच्या दिवसांत, तापमान २४ अंशांच्या खाली उतरले की थिजते, आणि महाबळेश्वरास नेलेला चाकू सकाळी उघडत नाही. शेंगदाण्याचे व करडईचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होते; आणि जे जवसाचे तेल लाकडावर सुकून कठीण थर धरते म्हणून वर प्रशंसिले, ते त्याच गुणामुळे खिळीवर सर्वथा वर्ज्य आहे. शिलाई यंत्राचे तेल चालते. अन्नाशी संबंध येणाऱ्या चाकूला औषधी दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन अधिक चांगले. दोन्ही वॉशरना मिळून एक थेंब पुरतो, कारण अधिक तेल म्हणजे अधिक धुळीला आमंत्रण.

जोडणी करताना प्रथम स्क्रू पात्याला जराही हालचाल उरणार नाही इतका आवळावा, आणि मग पाते उघडझाप करीत, तो अत्यंत थोड्या-थोड्या अंशांनी मागे घ्यावा. पाते सलग चालू लागले की थांबावे. उघड्या पात्याची पाठ चिमटीत धरून आडवे हलवून पाहावे, आणि हालचाल जाणवली तर शेवटचा टप्पा परत घ्यावा. सगळे बाजूचे स्क्रू घट्ट झाल्यावर मुठीचे पत्रे किंचित जवळ येतात व माप पुन्हा बदलते, म्हणून ही तपासणी शेवटी आणखी एकदा करणे जरूर आहे. असे जुळविलेले माप उघडझापीने सुटत जाते. त्यासाठी आट्यांवर मध्यम ताकदीचा, पुढे हाती अवजाराने सोडविता येणारा निळा थ्रेडलॉकर लावतात. हा द्रव हवेचा संपर्क तुटल्यावर आणि धातूचा संपर्क आल्यावरच घट्ट होतो, म्हणून बाटलीत तो वर्षानुवर्षे पातळ राहतो आणि आट्यांत शिरताच जमू लागतो. आटे आधी तेलरहित पुसून घ्यावेत, काडीच्या टोकाने मावेल एवढाच द्रव लावावा, तो वॉशरपर्यंत वाहू देऊ नये, आणि पुरा जमण्यास चोवीस तास द्यावेत. त्या अवधीत पाते एकदोनदा सावकाश उघडून-मिटून पाहावे, म्हणजे चुकून आत ओघळलेला थेंब जमण्यापूर्वीच लक्षात येतो आणि सांधा पुन्हा खोलून पुसता येतो.